अजिंठ्याच्या भिंतीवरील अरण्य : प्राणी पाहावा कसा, रेखाटावा कसा

शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठी दरवर्षी मुलांना ‘जंगलातील प्राणी’ हा विषय चित्राकरिता देण्याचा प्रघात आपल्या कलावर्गात फार जुना आहे. त्या चित्रांचे गठ्ठे मी अनेक वर्षे तपासले. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डावीकडे एक झाड, उजवीकडे एक झाड आणि मधोमध दिनदर्शिकेतून उतरलेले हरीण. झाडे काढली नसती तरी त्या हरणाचे काही बिघडले नसते, आणि हरीण पुसून टाकले असते तरी झाडांना त्याची खबर लागली नसती. मी अशा चित्रांना गुण देत असे, कारण रंग बाहेर गेलेला नसे आणि कागद स्वच्छ असे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने चित्रकलेविषयी एखादा अभ्यासलेख मागितला, तेव्हा अरण्य व प्राणी यांच्या चित्रणाचा सर्वांत मोठा पाठ जिथे मला मिळाला त्या अजिंठ्याविषयीच लिहावे असे ठरवले. तो पाठ मला कोणी दिला, हे पुढे ओघाने येईलच.

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली आहेत. नदीच्या नावातच वाघ आहे, आणि आधुनिक जगाला या लेण्यांचा पुन्हा पत्ता लागला तोही वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीला आला असता त्याला समोरच्या कड्यात एक भव्य कमान दिसली. ती दहाव्या क्रमांकाच्या लेण्याची. आत शिरून त्याने एका स्तंभावरील चित्रातच आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा भराव साचलेला होता. त्यावर उभे राहून खरवडलेले ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. याच लेण्याच्या उजव्या भिंतीवर छद्दन्त जातक रंगवलेले आहे, आणि तीही एका शिकाऱ्याचीच कथा आहे. दीड-दोन हजार वर्षे भिंतीवर एक शिकारी बाण लावून बसलेला, आणि समोरच्या स्तंभावर दुसऱ्या शिकाऱ्याचे नाव! हा योगायोग मुलांना सांगितला की ती नेमकी हसतात आणि मग गप्प होतात.

छद्दन्त जातकाची कथा पाली जातकसंग्रहात ५१४ व्या क्रमांकावर आहे. हिमालयातील एका सरोवराकाठी सहा सुळ्यांचा शुभ्र गजराज आपल्या कळपासह राहत असे. त्याच्या दोन राण्या, महासुभद्रा आणि चुल्लसुभद्रा. एकदा फुललेल्या शालवृक्षाला त्याने गंडस्थळाने धडक दिली. वाऱ्याच्या दिशेमुळे एका राणीवर फुले आणि पराग पडले, तर दुसरीवर वाळकी पाने, काटक्या आणि तांबड्या मुंग्या. गजराजाच्या मनात भेद नव्हता, पण चुल्लसुभद्रेच्या मनात तो रुजला. पुढच्या जन्मी ती वाराणसीच्या राजाची राणी झाली आणि त्या गजराजाचे सुळे आणण्यासाठी तिने सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला पाठवले. शिकाऱ्याने खड्डा खणला, अंगावर काषाय वस्त्र पांघरले आणि विषारी बाण सोडला. वेदनेने पिसाळलेला गजराज त्याला चिरडणार, तोच त्याची दृष्टी काषाय वस्त्रावर पडली आणि त्याने सोंड आवरली. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा त्याने करवत स्वतःच्या सोंडेत घेऊन ते कापून दिले. सुळे समोर आल्यावर राणीचे हृदय फुटले.

पूर्वजन्माच्या या कथा शब्दशः घ्याव्यात की बोधकथा म्हणून वाचाव्यात, याविषयी आपल्या समाजात निरनिराळी मते आहेत आणि ती असावीत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही. त्याने पाहावे ते एवढेच, की चित्रकाराने गजराजाला सहा सुळे दिले, कारण कथेत ते आहेत. बाकीचे सारे अंग मात्र त्याने खऱ्या हत्तीचेच ठेवले. त्याचे कान, कपाळ, सोंडेची वळकटी, पोटाचा भार या कशातही चमत्कार नाही. आणि त्याच्याभोवतीचा कळप तर कोणत्याही रानातला कळप आहे.

दहाव्या लेण्याची ही चित्रे ख्रिस्तपूर्व काळातील, म्हणजे भारतात आज शिल्लक असलेल्या अगदी जुन्या भित्तिचित्रांपैकी मानली जातात. ती पाहण्याची एक अडचण आहे, आणि माझ्या मते तीच त्यांची किल्ली आहे. या चैत्यगृहात ३९ स्तंभ आहेत. भिंत आणि स्तंभांची रांग यांच्यामध्ये फक्त एक अरुंद मार्ग आहे. चार पावले मागे सरकून सगळे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहावे, अशी सोय तिथे नाही. चित्र चालत चालत पाहावे लागते. त्यामुळे पाहणारा माणूस अरण्याच्या समोर उभा राहत नाही, तो अरण्याच्या कडेने जातो. वडाच्या पारंब्या आल्या, मग पाण्यात उतरलेले हत्ती आले, मग गर्दीतून एखादी वर उचललेली सोंड. रानातून जाताना आपल्याला प्राणी असेच दिसतात, अर्धे झाडाआड आणि अर्धे दुसऱ्या प्राण्याआड. अजिंठ्याच्या चित्रकाराने क्षितिजरेषा घेतली नाही. दूरचा प्राणी लहान आणि जवळचा मोठा, हा आज शाळेत शिकवला जाणारा हिशेबही त्याने काटेकोर पाळला नाही. त्याने प्राणी एकावर एक, वरच्या बाजूला चढत जातील असे मांडले. तरीही गर्दीचा, ओलाव्याचा आणि सावलीचा भास होतो. हे कसे साधले याचा विचार आपल्या मुलांनी करावा, म्हणून हा विस्तार.

आता सतराव्या लेण्याकडे वळू. मधे पाचशेहून अधिक वर्षांचा काळ गेला आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, उपेंद्रगुप्त नावाच्या स्थानिक राजाने हा विहार खोदवला. तिथल्या भिंतींवर प्राण्यांच्या जातककथांची जणू सभाच भरली आहे. छद्दन्त पुन्हा आहे, आंब्याच्या झाडावरचा वानरराज महाकपी आहे. बुडणाऱ्या माणसाला वाचवणारा आणि त्याच माणसाकडून दगा होणारा रुरू मृग आहे, गर्भिणी हरिणीच्या पाळीला स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवणारा न्यग्रोधमृग आहे. हंस आहेत, माकडाचा खोडसाळपणा सोसणारा महिष आहे, मासाही आहे. सुतसोमाच्या कथेत तर झोपलेल्या राजाचे पाय चाटणारी सिंहीण आहे.

या साऱ्यांत मला सर्वांत प्रिय आहे ते मातिपोसक जातक, म्हणजे आईला पोसणाऱ्या हत्तीची कथा. हत्तीची आई आंधळी आहे. तो तिला रानातली फळे आणून देतो. रानात वाट चुकलेल्या एका माणसाला तो बाहेर काढून देतो आणि तोच माणूस राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. हत्ती पकडला जातो, राजाच्या हत्तीखान्यात बांधला जातो, उत्तम चारा समोर येतो, पण तो घासही घेत नाही. कारण समजल्यावर राजा त्याला सोडून देतो, आणि कमळांच्या तळ्याकाठी मायलेकरांची भेट होते. चित्रकाराने एकच हत्ती दोन ठिकाणी काढला आहे, एकदा बांधलेला आणि एकदा मोकळा. त्याने हत्तीच्या डोळ्यांत माणसाचे अश्रू घातले नाहीत की तोंडावर माणसाचे हसू आणले नाही. आजच्या बालचित्रांत आणि चित्रपटांत सर्रास होते तसे प्राण्याला माणूस करण्याचा मार्ग त्याने घेतला नाही. दुःख दाखवायचे ते हत्तीच्या उभे राहण्यातून, आनंद दाखवायचा तो सोंडेच्या स्पर्शातून. यासाठी हत्ती नुसता ठाऊक असून भागत नाही. त्याच्याजवळ पुष्कळ वेळ बसलेले असावे लागते.

इथेच माझी चूक सांगायला हवी. आमच्या आठवीच्या वर्गात गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आलेला एक मुलगा होता. त्या जिल्ह्यात अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनविभागाचे हत्ती आहेत. एके काळी त्यांच्याकडून लाकूड ओढण्याचे काम करून घेत. या मुलाने ते हत्ती लहानपणापासून पाहिलेले. मला ते ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते. त्याने चित्रात हत्ती काढला, तोही चालताना. त्याचा मागचा पाय मला विचित्र वाटला, कारण तो माणसाच्या पायासारखा गुडघ्यात पुढे वाकलेला होता. मी लाल पेन्सिल घेतली आणि त्या पायावर दुसरा पाय काढून दिला, बैलाचा असतो तसा मागे कोन असलेला. वर सांगितले, “चार पायांच्या जनावराचा मागचा पाय असा असतो, नीट बघून काढत जा.” तो काही बोलला नाही. गुण मात्र मी कमी दिले.

त्याच वर्षी डिसेंबरात आमची सहल अजिंठ्याला गेली. सतराव्या लेण्यात, मातिपोसकाच्या चित्रापुढे, हा मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, ह्याचा पाय बघा ना.” एवढेच म्हणाला. मी पाहिले. भिंतीवरच्या हत्तीचे मागचे पाय खांबासारखे सरळ होते, आणि जिथे वाक होता तिथे तो त्याच्या चित्रातल्यासारखाच होता.

परत आल्यावर मी पुस्तके धुंडाळली. बैल, घोडा, कुत्रा यांच्या मागच्या पायाच्या मध्यावर जो मागे वळलेला कोपरा दिसतो, तो त्यांचा गुडघा नव्हेच. तो घोटा. ही जनावरे बोटांवर उभी असतात, म्हणून त्यांची टाच उंच उचलली जाते. खरा गुडघा वर, पोटाजवळ दडलेला असतो. हत्तीचे तसे नाही. त्याच्या देहाचा भार इतका, की पाय खांबासारखे एका ओळीत राहतात. त्याचा गुडघा खाली, स्पष्ट दिसेल असा असतो आणि माणसाप्रमाणे पुढे वाकतो. म्हणून तो मागचे पायही गुडघ्यात टेकून बसू शकतो. पोळ्याच्या बैलांवर नजर तयार झालेल्या माझ्यासारख्या माणसाने हत्तीला बैलाचे पाय लावले होते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने ती चूक केली नव्हती, आणि तेरा वर्षांच्या मुलानेही नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली आणि गुण बदलले. तो संकोचला, पण त्यानंतर वर्गात बोलू लागला. वसतिगृहात राहणारी आपली कितीतरी मुले रानालगतच्या गावांतून येतात. त्यांनी पाहिलेले आपण विचारत नाही आणि त्यांच्या हाती दिनदर्शिका देतो.

आता अरण्याविषयी. अजिंठ्याच्या चित्रांत झाडे भरताड म्हणून येत नाहीत. आंबा, वड, अशोक, केळ, सुपारी ही पानांच्या ठेवणीवरून ओळखता येतात. गडद पार्श्वभूमीवर उजळ पाने एकेक करून काढलेली आहेत, म्हणून झाडाखालची सावली न रंगवताही जाणवते. आणि झाड कथेत काम करते. छद्दन्ताच्या कथेत मत्सर जन्माला येतो तो झाड हलल्यामुळे. महाकपीच्या कथेत गंगेत पडलेले एक आंब्याचे फळ राजाला रानात ओढून आणते, आणि पुढे वानरराज स्वतःच्या देहाचा पूल करतो तो झाडापासून झाडापर्यंत. झाड काढून टाका, कथा कोसळते. खडकांचे चित्रण मात्र अनेकांना खटकते. ठोकळे रचल्यासारखे, कडा असलेले चौकोनी खडक पाहून जाणकारही त्याला निव्वळ संकेत म्हणतात. माझे मत थोडे वेगळे आहे. लेण्याबाहेर येऊन समोरच्या कड्याकडे पाहा. आपल्या काळ्या कातळाला भेगा पडतात त्या अशाच, आडव्या-उभ्या, पेट्या रचल्यासारख्या. चित्रकार रोज ज्या वाटेने कामावर येत असेल, त्या वाटेवरचा दगड त्याच्या हातात उतरला असेल, असे मला वाटते.

साहित्य काय होते, तेही सांगतो, कारण महागड्या रंगपेट्यांची मागणी पालकांकडे दरवर्षी होत असते. खडबडीत कातळावर माती, शेण, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देत. तो गुळगुळीत करून त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवत. वाळलेल्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावत. तांबडा गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा आणि स्थानिक दगडातून मिळणारा हिरवा, एवढीच मुख्य संपत्ती. गर्द निळा मात्र लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. हा निळा उत्तरकालीन लेण्यांत भेटतो. दहाव्या लेण्यातले जुने हत्ती त्याच्याशिवायच, मातीच्या रंगांत उभे आहेत. प्रथम गेरूने आराखडा, मग रंग, आणि शेवटी गडद रेषेने आकार बांधून घेणे, असा क्रम. जिथे रंगाचा थर गळला आहे तिथे खालची पहिली तांबडी रेषा डोकावते. विद्यार्थ्याने ती जागा मुद्दाम शोधावी. चित्रकाराचा हात पहिल्यांदा कसा फिरला ते तिथे दिसते.

ही चित्रे आपल्यापर्यंत पोहोचली तीही सहजासहजी नव्हे. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून केलेल्या बहुतेक मोठ्या प्रतिकृती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रतिकृती करवल्या. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतच होते. त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार आले. निजाम सरकारने १९२० नंतर दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी गळणारा रंग धरून ठेवला, पण वर लाखेचे रोगण चढवले. ते काळानुसार पिवळे-काळे पडत गेले आणि रंग त्याखाली दबले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी ते थर सावकाश उतरवण्याचे काम हाती घेतले. दहाव्या लेण्यातील हत्ती आज जेवढे दिसतात त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आता मुलाबाळांसह अजिंठ्याला जातात आणि दोन तासांत सगळी लेणी ‘करून’ येतात. त्यांना माझी विनंती आहे की एका खेपेस तीनच ठिकाणे घ्यावीत. आधी दहाव्या लेण्याची उजवी भिंत, मग सतरावे लेणे. परतताना वेळ उरला तर दुसऱ्या लेण्यातली हंसांची पट्टी पाहावी. तिथे वीसहून अधिक हंस आहेत आणि एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. सोमवारी लेणी बंद असतात. छायाचित्रासाठी झगमगाट करण्यास मनाई आहे आणि ती पाळावी, कारण तो प्रकाश रंगांना बाधतो. छायाचित्रापेक्षा एक लहान वही आणि मऊ पेन्सिल बरोबर असावी. आत शिरल्यावर पाच मिनिटे काहीही न करता डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग मुलाला एकच प्राणी निवडायला सांगावे. पूर्ण काढायचा आग्रह नको. आधी पाठीची एक रेषा, मग मानेचे वळण, मग पाय जमिनीला कुठे टेकतात त्या चार जागा. खोडरबर वसतिगृहातच ठेवून जावे.

आणि घरी किंवा शाळेत परतल्यावर तोच प्राणी, शक्य असेल तर जिवंत, पुन्हा पाहावा. हत्ती नसेल तर शेळी आहे, आवारातल्या कडुलिंबावरची खार आहे, भिंतीवरची पाल आहे. दहा दिवस रोज दहा मिनिटे, कागदाविना. अकराव्या दिवशी कागद घ्यावा आणि प्राण्याबरोबर तो जिथे बसतो ती फांदी किंवा ते छप्परही काढावे.

त्या मुलाचे ते चित्र मी त्याच्याकडून मागून घेतले. कलावर्गाच्या कपाटात, वरच्या फळीवरच्या निळ्या धारिकेत ते ठेवले आहे. नव्या कलाशिक्षकांना मी ते दाखवून दिले आहे. माझी लाल रेषा पुसण्याचा मी प्रयत्न केला होता, पण ती पुरती गेली नाही. दोन्ही पाय अजून दिसतात.